कॅमेऱ्यावरचा लाल स्टिकर

मी माझ्या लेकीशी, हर्षालीशी फोनवर काही बोलले, की संध्याकाळच्या आत ते तिच्या सासूला ठाऊक! तिचं सासर देहूरोडला, ते काही सातासमुद्रापार नाही. पण जयमालाबाईंनी, म्हणजे माझ्या विहिणीनं, लग्नातच बजावलेलं, "पहिलं वर्ष पोरीला रुळू द्या, सारख्या येऊ नका." मग व्हिडिओ कॉलवर भागवायचं. गेल्या महिन्यात मी पोरीला म्हटलं, "लॅबमधली नोकरी सोडू नको गं." त्याच दिवशी विहीणबाईंचा फोन, "आमच्या घरात काड्या घालू नका."

मला वाटलं, अ‍ॅपच फुटकं, त्यातूनच बोलणं बाहेर गळतंय. चाकणच्या कंपनीत मी गाड्यांच्या वायरी जोडते. तिथं बिघाड झाला की आधी वायरच बघतात.

माझ्या शेजारी काम करणारी मिनल मोबाइलात पंडित. कंपनीच्या बसमध्ये तिनं मला आठवडाभर शिकवलं. "कस्तुराताई, हे अ‍ॅप बोलणं ऐकत नाही, पण कुणाला कधी फोन केला ते लिहून ठेवतं. त्या दुसऱ्यात बोलणं अ‍ॅपवाल्यांच्या मशीनवर उघडं पडतं. हे तिसरं घ्या. दोन टोकांच्या मधे कुणाला काही कळत नाही आणि नोंदही जवळपास नाहीच."

"आणि टोकाला कोण बसलंय ते?"

"ते कुठलं अ‍ॅप सांगणार, ताई?" ती हसली. मी पण हसले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

हर्षालीलाही तिसरं अ‍ॅप घ्यायला लावलं. काल पहिली शिफ्ट सुटली. आमच्या गेटवर आत जाताना मोबाइलच्या कॅमेऱ्यांवर लाल स्टिकर चिकटवतात, बाहेर पडताना काढतात. बस चुकेल म्हणून मी तशीच पळाले. सीटवर बसले आणि कॉल लावला.

"आई, तू दिसत नाहीस. सगळं काळं आहे."

मला ती लख्ख दिसत होती. वाळली होती माझी पोर. मी स्टिकरला नख लावलं, तेवढ्यात तिच्या मागून आवाज आला, "दिसत न्हाई ना काही? मग बरंय." आणि जयमालाबाई तिच्या शेजारी येऊन टेकल्या. व्हिडिओच बंद आहे, मलाही त्या दिसत नसतील, असंच त्यांना वाटलं.

माझं नख तिथंच थांबलं.

"जेवलीस का गं?" मी विचारलं.

हर्षालीनं आधी सासूकडं बघितलं. सासूनं मान डोलावली. मग ती म्हणाली, "हो, जेवले."

"तब्येत?"

पुन्हा तेच. मान, मग उत्तर. "बरी आहे."

"आणि नोकरी?"

जयमालाबाईंनी बोट नाचवून नाही म्हटलं. पोर म्हणाली, "मलाच नको वाटते, आई."

आठवडाभर मी अ‍ॅपं निवडत बसले, आणि माझी लेक श्वाससुद्धा विचारून घेत होती. माझ्याच डोळ्यांवर स्टिकर होता, बाई!

मी तो खसकन ओढून काढला.

"नमस्कार, जयमालाबाई. मघापासून बघतेय तुम्हाला."

त्या ताडकन उठून बाजूला झाल्या. मी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "भाऊ, मला चौकात उतरवा, देहूरोडला जायचंय." शेजारी बसलेली मिनलही काही न विचारता आपली पिशवी उचलायला लागली.

"हर्षाली, मी येतेय न्यायला. येऊ का?"

या वेळी तिनं बाजूला बघितलं नाही.

"ये," ती म्हणाली.