पराटीवरचा आळ

मित्रांनो, वरवट बकालच्या शिवारात रानडुकरं ज्या भुंकण्याला भीत, ते माझं. आता मी म्हातारी राखणदार कुत्री आहे. दात पडलेत, पण नसत्या चौकशा करायची खोड काही गेली नाही.

तुळशीरामांनी मला आणलं तेव्हा गावात बीटीची पराटी नवीनच होती. पराटी म्हणजे कापसाचं झाड, एवढं मला ठाऊक होतं. बीटीचा पाला खाऊन अळी मरते कशी, हे मात्र पानं हुंगहुंगूनही कळलं नाही. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई मला ताकात भाकरी कुस्करून देत आणि येईल त्याला सांगत, "हिची पिल्लं हिच्यावानीच निंगतीन."

मलाही पिल्लांची फार हौस होती. पण दोन्ही खेपांना ती दिवस भरायच्या आधीच पडली, मेलेली. ती उठत का नाहीत ते न कळून मी त्यांना चाटत राहिले. सुभद्राबाईंनी रडत रडत, उघड्या हातांनी त्यांना मातीआड केलं.

"ह्या बीटीचा पाला बाधला हिले," तुळशीराम म्हणाले. मग मायेपोटीच त्यांनी मला शेजारच्या शकूरभाईंच्या कांद्याच्या वावरात नेऊन बांधलं. तिथली कुत्री राणी गाभण होती. आम्ही एका घमेल्यात पाणी प्यायचो, एकमेकींना चाटायचो. पुढे तिचीही पिल्लं तशीच पडली.

शकूरभाई कोड्यात पडले. "तुळशीरामभाऊ, माह्या वावरात तं पराटीचं एक झाड नाही. मंग हिले काय बाधलं?"

हा प्रश्न मला भारी आवडला.

त्याचं उत्तर गुरांच्या दवाखान्यातल्या आलिमा डॉक्टरांनी आमचं रक्त तपासून दिलं. आम्हा दोघींच्या अंगात ब्रुसेला नावाचा जंतू होता. तो मिलनातून, चाटण्यातून, पडलेल्या पिल्लांच्या घाणीतून पसरतो. पराटीचा काही दोष नव्हता. शिवारातल्या साऱ्या कुत्र्या एकाच नावाजलेल्या कुत्र्याकडे नेत, तिथूनच तो आला असावा.

"मावशी, हा आजार माणसांनाही होतो. तुम्हाला ताप येतो का?" डॉक्टरांनी सुभद्राबाईंना विचारलं.

"येऊन राह्यला तं. मले वाटलं, उन्हाचा आहे."

सुभद्राबाई औषधाने बऱ्या झाल्या. माझ्या अंगातला जंतू मात्र औषधानेही पुरता जाईल याची खात्री नव्हती. राणीचं आणि माझं ऑपरेशन झालं आणि पिल्लांची आशा संपली. मला दूर कुठेतरी सोडून यावं, असं तुळशीरामांच्या मनात आलं. मी कान टवकारून बसले.

"जिनं वावर राखलं तिले कुठं सोडता?" सुभद्राबाई म्हणाल्या. "येगळी बांधीन, हातमोजे घालीन."

मित्रांनो, अकाली पडलेल्या पिल्लांना उघडा हात लावू नका, आजारी कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यांत बांधू नका, आणि पिकावर आळ घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. आजारी मुक्या जिवाला टाकूनही देऊ नका.

राणी आता नाही; शकूरभाईंनी अमडापूरहून एक पिल्लू आणलंय. ते रोज बांधापाशी येऊन शेपटी हलवतं. त्याला एकदा चाटावं, असं मला फार वाटतं. म्हणून मी बोळक्या तोंडाने त्याच्यावर अशी भुंकते की ते पळत सुटतं. म्हातारी फार खवट आहे, असं त्याला वाटत असेल. वाटू दे.