दुसऱ्या भागातली नवरी

मेंदी वाळेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि मधे कुणी "मग पुढे काय झालं" म्हणूनही विचारायचं नाही, मी सांगतेच आहे. शमसियाच्या लग्नात काय झालं ते तुम्ही ऐकलंय म्हणता, पण तुम्ही ऐकलंय ते अर्धं. त्या अर्ध्यात मी नाहीच. आणि सगळं सुरू तर माझ्यापासून झालं ग.

शमसिया माझी मदरशातली मैत्रीण, एका चटईवर बसलेलो आम्ही. तिचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यात आधी ती मला भेटायला आली. कापडबाजारातला मोठा व्यापारी, पैसा उदंड, घरात आधीची बायको आहे, पण ते काय, चालायचंच. नवरदेवाकडून कपड्यांच्या बॅगांवर बॅगा आलेल्या. मग म्हणाली, लुबा, लग्नात भेट म्हणून सगळ्या जणी काय देतात, नवरानवरीचा फोटो छापलेल्या बादल्या, ताटं, घमेली. मला बादली नाही द्यायची. मला पुस्तक द्यायचंय. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात एक प्रेमाची कादंबरी, मागे माझा फोटो. छपाईचा खर्च आई करेल. तुझी आहे ना लिहून तयार?

आहे म्हणजे? वर्ष झालं तयार होऊन. 'शिंप्याची सुई'. आतेभावाकडून टाइप करून घेतली, तपासून झाली, आणि तशीच पडून. आमच्याकडे कसं आहे ते तुम्हाला माहितीच आहे. प्रकाशक वगैरे कुणी नसतो. स्वतःच छापखान्यात कागदाचे पैसे भरायचे, स्वतः घरी बसून पानांच्या घड्या घालायच्या, गठ्ठे बांधून कुर्मी बाजारातल्या दुकानात नेऊन ठेवायचे आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघत बसायचं. ज्याच्याकडे पहिल्या पुस्तकाचे पैसे नाहीत त्याचं पहिलं पुस्तक नाही. माझ्याकडे नव्हते. म्हणून शमसिया असं म्हणाली तेव्हा मी त्या दिवशी तुवोचा गोळा जेवले का भुसा जेवले मला कळलं नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात तिनं रम्लाचं पुस्तक घेतलं.

रम्ला कोण ते हिला माहीत नाही, हिच्यासाठी सांगते. रम्लातू. आम्ही लिहिणाऱ्या सगळ्या मुली तिच्या ओसरीवर जमतो, एकमेकींचं लिखाण वाचतो, चुका काढतो. वयानं मोठी म्हणून याया म्हणतो तिला. चार पुस्तकं छापलेली. चार. मागच्या पानावर तिचा फोन नंबर असतो, आणि तो फोन असा वाजतो की तिच्या घरी बोलणं म्हणजे गिरणीत बसून बोलणं. आपल्या कानोतल्या बायका, काडुना शहरातल्या बायका, थेट सीमेपलीकडच्या नायजरमधल्या बायका. रडतात फोनवर. अमकीला मारू नका, तमक्याचं लग्न लावा. वर तिच्या फोनमध्ये बॅलन्स पाठवतात. आणि ती काय करते, फोन खांद्यात धरून कांदा चिरत चिरत म्हणते, "बघू हं, अजून ठरवलं नाही." कधी ठरवलं नाही ग? सगळं ठरलेलं असतं तिचं.

नवराही असा मिळालाय की कागदाचे गठ्ठे स्वतः स्कूटरवरून आणून देतो. माझ्या वाट्याला आलेला आतेभाव तीन पानं टाइप केली की कोंबडीचं कालवण मागतो.

तर तिचं नवीन पुस्तक 'थोरलीचं अंगण'. पहिला भाग रेडिओवर वाचला गेला होता. तो वाचणारा माणूस, त्याचा आवाज असा की सिमेंटची जाहिरात वाचली तरी बायका डोळे पुसतील. त्या गोष्टीत थोरली बायको आहे, कडक, स्वयंपाकघराच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारी. आणि घरात धाकटी येते, नवी नवरी, गोड, गरीब गाय. थोरली तिला उभं राहू देत नाही. सगळं शहर त्या धाकटीसाठी रडलं. शमसियाच्या घरी तर रेडिओभोवती आचारीणसुद्धा बसायची. आणि शमसिया स्वतः धाकटी होऊन जाणार. तिला वाटलं, ही आपलीच गोष्ट. रम्लाकडे जाऊन म्हणाली, दोन्ही भाग एकत्र बांधून द्या. दुसरा भाग अजून कुणी वाचलेला नाही ना, मग माझ्या लग्नातल्या पाहुण्यांना तो सगळ्या शहराच्या आधी मिळेल.

मला हे कळलं कसं, तर रम्लानंच सांगितलं. ओसरीवर, सगळ्यांसमोर, माशाचा तुकडा मोडत मोडत. म्हणाली, शमसियाची आई आली होती, मोठी छपाई आहे, घड्या घालायला तुम्ही सगळ्या या. मी "हो याया" म्हणाले. माझ्या घशात मासा असा अडकला की कुणीतरी पाठीत बुक्की मारली.

आता ऐका. दुसरा भाग मी वाचला होता. ओसरीवर आम्ही सगळ्यांनीच वाचला होता, त्याच्या चुका मीच काढल्या होत्या. आणि दुसऱ्या भागात सगळं उलटं होतं. ती धाकटी गरीब गाय नसतेच. थोरलीच्या स्वयंपाकाची पाळी असली की ती चोरून तिच्या हंडीत मूठभर पापडखार टाकते. नवऱ्यासाठी मांत्रिकाकडून पाणी आणते. आणि शेवटी सासरच्या अख्ख्या गोतावळ्यासमोर हंडीत हात घातलेला असताना पकडली जाते. मग कळतं की थोरली कडक का होती. म्हणून नाव 'थोरलीचं अंगण'. चांगलं लिहिलंय. फार चांगलं लिहिलंय, मला काही आंधळी समजू नका. मी ते वाचताना चुकांवर खुणा करत होते आणि पेन्सिल इतकी दाबली की दोनदा टोक मोडलं.

म्हणजे बघा, धाकटी बायको होऊन जाणारी मुलगी, स्वतःच्या लग्नात, स्वतःच्या फोटोसकट, असं पुस्तक वाटणार ज्यात धाकटी बायको चोर निघते. आणि घेणाऱ्यांत पहिली कोण असणार, तिची सवत.

मी रम्लाला विचारलं, याया, तिला दुसरा भाग माहीत आहे का. रम्ला म्हणाली, मी तिला म्हटलं आधी वाचून बघ, तर तिला झग्याची मापं द्यायला जायचं होतं. मी कथा नवरीसाठी लिहीत नाही लुबा, वाचणाऱ्यांसाठी लिहिते. आणि लागली कांदा चिरायला.

मग मी शमसियाकडे गेले. तिथं चार बायका तिच्या हातांना हळद-चंदन चोळत होत्या. त्यांच्यादेखतच सांगितलं. म्हटलं, बाई, दुसरा भाग छापू नकोस, त्यात नवरी वाईट निघते, तुझ्याच लग्नात तुझं हसं होईल. माझं घे, माझ्या गोष्टीत सवतच नाही, एक शिंपी आहे आणि एक तेल विकणारी मुलगी आहे, कुणाचं काही वाकडं नाही.

तिनं शांतपणे माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लुबा, 'माझं घे' हे तुझ्या जिभेवरचं वाक्य आधी बाहेर आलं असतं तर बरं झालं असतं."

त्या चोळणाऱ्या बायका हसल्या. एक म्हणाली, जळकं लाकूड धूर केल्याशिवाय राहतं का. वल्लाही, मी खरं बोलत होते. पण खरं बोलणाऱ्याचं तोंड कसं दिसायला हवं ते माझं नव्हतं, माझं तोंड जळणारीचं होतं. मी तरी काय करू, दोन्ही एकाच तोंडात होतं.

मग मी घड्या घालायला गेले. हो, गेले. चटईवर बसून तिच्या पुस्तकाच्या पानांना माझ्या नखांनी घड्या घातल्या. म्हटलं जाऊ दे, होऊ दे लग्न, फुटू दे भांडं. त्या दिवशी रम्लाचं तोंड कसं होतंय ते मला पहिल्या रांगेतून बघायचं होतं.

आणि मिळाली पहिली रांग. बायकांची दुपार होती ती, मांडवात. माझ्या समोरच हाजिया हुरैरा बसलेली. हीच ती थोरली, शमसियाची सवत. सोनं असं घातलेलं की मान वळवायची झाली तर आधी विचार करावा लागत असेल. सोबत तिच्या वयाच्या सहा-सात मैत्रिणी, सगळ्या आपापल्या घरातल्या थोरल्या. झोबोच्या सरबताचा पेला हातात धरलेला, ओठाला लावलेला नाही. लग्नाला आलीय हेच पुष्कळ, असा चेहरा.

पुस्तकं वाटली. मागे शमसिया हसतेय, खाली छापलेलं, 'प्रेमाची भेट'. नवरी अजून सजत होती, वेळ होता. हुरैराच्या भाचीनं बघितलं आणि म्हणाली, अगं हा तर दुसरा भाग, आणि लागली मोठ्यानं वाचायला. आधी एक कोपरा ऐकत होता. मग दुसरा. पापडखाराचं पान आलं तेव्हा ढोल वाजवणारीनं ढोल खाली ठेवला. एका बाईनं पुस्तक उलटं करून मागचा फोटो बघितला, शेजारणीला दाखवला. मग सगळ्यांनीच उलटी केली. मांडवभर शमसियाच शमसिया.

मी रम्लाकडे बघत होते. ती खाली बघून बांगडी फिरवत होती. मी मनात म्हटलं, आता हिची फजिती.

तेवढ्यात नवरी आली. मैत्रिणींच्या घोळक्यात, डोक्यावरून पदर. कुणाला हसावं कळेना, कुणाला रडावं कळेना. शमसियाची आई भाचीच्या हातातलं पुस्तक ओढून घ्यायला निघाली. आणि हुरैरानं हात वर केला. ते सगळं सोनं वाजलं. तिनं नवरीला जवळ बोलावलं, आपल्या शेजारी गालिचावर जागा केली, पदर थोडा वर केला आणि म्हणाली, "ये धाकटे. स्वयंपाकघराची किल्ली तुला द्यायची मी घरूनच ठरवून आले होते. पापडखाराचा डबा मात्र माझ्या खोलीत राहील."

अगं, मांडव कोसळला हसून. हुरैरा स्वतः हसली, त्या मैत्रिणी हसल्या, शमसियाची आई हसली कारण दुसरं काय करणार. शमसियाचा चेहरा डाळिंबासारखा. पण बसली, हुरैराला टेकून बसली, आणि तिच्या हातातला झोबो पण प्यायली. मग हुरैरानं विचारलं, लिहिणारी कोण. रम्लाला उभं केलं. त्या सगळ्या थोरल्यांनी तिला मधे घेतलं आणि तिथंच सांगितलं की आमच्या बचतगटातल्या सगळ्या बायकांसाठी हवंय, आमच्या बहिणींसाठी हवंय. शहरातल्या यच्चयावत थोरल्या. पुढच्या आठवड्यात छापखान्यात तिचा कागद आणि बाकीच्यांना रांग.

मी पहिल्या रांगेत बसून हे बघितलं. माझ्या मांडीवर तेच पुस्तक. घड्या सुबक होत्या, मीच घातल्या होत्या.

हे तुम्हाला माहीत होतं. पुढचं माहीत नाही.

दोन महिन्यांनी शमसियानं मला बोलावलं. नव्या घरी, चांगलं चाललंय तिचं, जाडसुद्धा झालीय. पण एक दुखतंय. बाजारात गेली की बायका ओळखतात. मागच्या पानावरची. दुकानदार मसाला मोजताना विचारतो, पापडखार देऊ? म्हणाली, "तू सांगितलं होतंस. मी म्हटलं तू जळतेयस."

मी म्हटलं, "जळत होतेच. पण खोटं कुठे बोलले?"

मग ती मुद्द्यावर आली. 'शिंप्याची सुई' छापू. खर्च तिचा. तिचा फोटो नको. पण त्यात एक सवत हवी, थोरली, आणि ती वाईट निघायला हवी. धाकट्या बायकांकडेही पैसे असतात, त्यांनाही काहीतरी वाचायला हवं.

मी घरी आले आणि विचार केला. म्हणजे माझं पहिलं पुस्तक काय होणार, तर रम्लाच्या पुस्तकाला उत्तर. लोक म्हणणार, ते वाचलं ना, मग हेही वाच. माझं नाव तिच्या नावाच्या सावलीत. मग पुढचा विचार केला की सावलीत का होईना, छापलेलं नाव असेल. आणि बसले लिहायला. शिंप्याला बायको दिली. थोरली. पण नुसती वाईट कशी लिहू, कुणीतरी डोळ्यासमोर हवं ना. मग आली ती, आपोआप आली. ही थोरली कादंबऱ्या लिहिते. फोन खांद्यात धरून कांदा चिरते, वाचकांना म्हणते बघू हं, आणि तिकडे चुलीवर नवऱ्याचं कालवण करपतं. अशी पानं मी आयुष्यात लिहिली नाहीत. हात थांबेना. शेवटी तिला विहिरीत ढकललं आणि मग मला झोप लागली.

पण नियम म्हणजे नियम, ओसरीवर वाचायला द्यावंच लागतं. रम्लानं स्वतः घेतलं. ही थोरली कोण ते सगळ्यांना कळलेलं. ती वाचत होती, फोन वाजत होता, तिनं उचलला नाही. पहिल्यांदाच. मी भांडायची तयारी करून गेले होते, खरं तर मला भांडण हवंच होतं, काय काय बोलायचं ते पाठ होतं. कालवण करपतं तिथं ती फसकन हसली. शेवटचं पान वाचून झालं, गठ्ठा नीट केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला विहिरीत का टाकतेस? तुझ्या सगळ्या पुस्तकात हीच तेवढी जिवंत आहे. ठेव. दुसऱ्या भागात लागेल."

बरोबर होतं तिचं. शिंपी पुठ्ठ्याचा आहे, ती तेलवाली तर त्याहून. मी घरी येऊन तिच्या बुडण्याचं ते पान फाडलं. थोरलीला विहिरीतून काढून काठावर उभी केली, ओली, संतापलेली, आणि तिथंच गोष्ट थांबवली. काल छापखान्यात दिलं.

मागच्या पानावर माझा नंबर आहे आणि माझा फोटोपण. अंगावरचा झगा रम्लाचा आहे, तिनंच दिला, म्हणाली हा रंग फोटोत उठून दिसतो. दिसतोय. पण बघाल तेव्हा नीट बघा, मला तो दोन्ही बाजूंनी सैल होतो, टाचण्या लावाव्या लागल्या. तिला मात्र आता दंडात बसत नाही. हे मी उगाच सांगत नाहीये, पुढेमागे कुणी विचारलं तर तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतेय.