बुर्दोंच्या घरी संत

वेर्जेल गावात द्राक्षं पिकवणारे पुष्कळ, पण विन्यरों म्हणवून घेणारे मोजकेच. वेल छाटण्यापासून बाटलीला बूच मारण्यापर्यंत सगळं ज्याच्या हातचं, तो विन्यरों. ज्याची द्राक्षं सहकारी वाइनघराच्या काट्यावर जातात, तो नुसता द्राक्षवाला. सिदोनी बुर्दोंचा बाप जन्मभर द्राक्षवाला राहिला. त्याच्याइतकी नेटकी छाटणी पंचक्रोशीत कुणाची नव्हती, पण गावाचा हिशेब गावाचा.

त्या हिशेबाचा चटका जानेवारीतल्या सणाला बसायचा. द्राक्षबागांचे संत व्हॅन्सां यांची हातभर उंचीची लाकडी मूर्ती सणाच्या दिवशी वाजतगाजत निघते आणि वर्षभर एका विन्यरोंच्या घरी राहते. घरांची पाळी ओळीनं येते. बुर्दोंचं घर आजवर दोनदा आलं आणि दोन्ही वेळा मिरवणूक न थांबता पुढे गेली. बाप दारात टोपी हातात धरून उभा होता. दुसऱ्या वेळी सिदोनी तीस वर्षांची होती, आणि बापाच्या हातातली ती टोपी तिच्या मनातून कधी गेली नाही.

बाप वारला. सिदोनीनं सहकारी वाइनघराला रामराम ठोकला आणि टेकडीवरच्या तुकड्याची द्राक्षं आपल्याच तळघरात तीन पिंपांत भरली. यंदा पाळी पुन्हा बुर्दोंची होती. संतमंडळाचे प्रमुख आंतेल्म रोले यांनी तिला चर्चबाहेर गाठून बजावलं, "सणाच्या सकाळी येतो. तुझ्याच पिंपातली, तुझ्याच हातची वाइन चाखणार. नाहीतर मूर्ती पुढच्या घरी."

"या की काका," ती म्हणाली. "जिना उंच आहे, काठी आणा."

पण नोव्हेंबरात थंडी अशी पडली की तिन्ही पिंपं आंबता आंबता थांबली. वाइन अर्ध्यावर अडकली, निम्मी गोड, निम्मी कसलीच नाही. चुलतभाऊ गास्पार खाली येऊन घोटभर प्यायला आणि त्यानं तोंड वाकडं केलं.

"हे सरबत आंतेल्मकाकांना देणारेस? माझ्याकडून दोन बादल्या ताजा गाळ ने, खमीर जिवंत आहे त्यात. माझी पिंपं अजून फसफसताहेत. ओतलास की आठवड्यात चालू."

"मग ती तुझी वाइन होईल."

"कुणाला कळणारे, सिदो?"

"मला."

"बापावर गेलीस अगदी."

"गेलेच आहे. दार ओढून घे, गारठा येतो."

तिनं आपल्याच पिंपाच्या तळाचा गाळ उपसला, मातीच्या भांड्यात घातला आणि स्वयंपाकघरात शेगडीवरच्या फळीवर ठेवला. रोज सकाळी त्यात त्याच पिंपातली पेलाभर वाइन घालायची, ढवळायची, कान लावायचा. तीन आठवडे ढिम्म. डिसेंबर सरता सरता भांड्याच्या कडेला फेस धरला. सिदोनी भांड्यासमोर बसली आणि चक्क रडली. मग उठून बापाचा लोकरी कोट तिनं पहिल्या पिंपाला गुंडाळला आणि भांड्यातलं थोडं थोडं पिंपात सोडायला लागली. पिंप जागं झालं, तेव्हा सणाला पाच दिवस उरले होते. बाकीची दोन तशीच मुकी राहिली.

सणाच्या सकाळी आंतेल्मकाका दोन म्हाताऱ्यांना घेऊन आले. मागोमाग गास्पार. कोटाखालून त्यानं बाटलीचं टोक दाखवलं आणि तिच्या कानात पुटपुटला, "माझी आहे. पेल्यात ओत, विषय संपला."

सिदोनीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. काचेची नळी पहिल्या पिंपात बुडवून तिनं तीन पेले भरले. वाइन गढूळ होती आणि जिभेला चुणचुणत होती.

"झालेली नाही ही," ती म्हणाली. "थंडीत थांबली होती. तिच्याच गाळानं पुन्हा चालू केलीय. ही एप्रिलात होईल. ती दोन अजून थांबलेलीच आहेत, तीही करीन."

एका म्हाताऱ्यानं पेला खाली ठेवला. "मंडळाला वाइन दाखवायची असते, पोरी. हे काय आहे?"

आंतेल्मकाका पुढे झाले. पिंपावरचा कोट बाजूला करून त्यांनी कान लावला. आत बारीक चुरचुर चालली होती.

"गास्पारकडे गाळ होता ना?" त्यांनी विचारलं. "शेजारीच राहतो तो."

"होता. देतही होता."

गास्पारनं जोडे न्याहाळले. काका पिंपाला टेकले. मग दोघा म्हाताऱ्यांकडे न बघताच म्हणाले, "पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात माझी थांबली होती. मी मागच्या दारानं गाळाची बादली आणली. कुणाकडून, ते विचारू नका, तो माणूस आता नाही. त्या वर्षी संत माझ्या घरी होते. बुर्दोंचं घर सोडून पुढे माझ्याकडे आले होते."

सिदोनीच्या डोळ्यांसमोर बापाच्या हातातली टोपी उभी राहिली, आणि असा राग आला की हातातली नळी मोडते की काय असं वाटलं. तिनं ती जपून खुंटीला टांगली.

"मग आज ते इथे थांबतील," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"थांबतील," काका म्हणाले.

अकराला मिरवणूक तिच्या दारात थांबली. मूर्ती काकांनी स्वतः उचलून आत आणली. प्रथेप्रमाणे संत शेगडीवरच्या फळीवर बसतात, घरातल्या सगळ्यात उबेच्या जागी. तिथे गाळाचं भांडं होतं. काकांनी ते सरकवायला हात पुढे केला.

"ते राहू दे," सिदोनी म्हणाली. "दोन पिंपं बाकी आहेत."

तिनं खिडकीतल्या गार कट्ट्यावर फडकं अंथरलं, त्यावर बापाची टोपी ठेवली आणि संतांना त्या टोपीवर बसवलं. मग बाही वर सारून भांडं ढवळायला घेतलं.