धाडकनताई आणि तीन लॅपटॉप

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात ताई दम खायला थांबली आणि टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं तिने छातीशी आणखी घट्ट धरलं. वरून उतरणाऱ्या एका बाईंनी अंग चोरून वाट दिली, गाठोड्याकडे प्रेमाने पाहिलं आणि मुलगा की मुलगी, असं विचारलं. ताईने टॉवेलाचं टोक बाजूला करून दाखवलं. आत काळाकुळकुळीत लॅपटॉप होता. बाई भराभर पायऱ्या उतरून गेल्या.

ताई नर्स होती. घरोघर जाऊन पेशंटची देखभाल करणाऱ्या नर्सेसच्या केंद्रात तिला सगळे धाडकनताई म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. थर्मामीटर, रक्तदाब मोजायचं यंत्र, केंद्राचे फोन, मलमाच्या बरण्या, एका घरातली फुलदाणी... वस्तू तिच्या हातात गेली की तिचे दिवस भरलेच म्हणायचे. स्वभावाने लाखात एक. पेशंट तिच्या वाटेकडे डोळे लावून बसत. फक्त तिच्या हातात काही द्यायची वेळ आली की देणारा क्षणभर घुटमळे.

म्हणूनच मोठ्या बाईंनी तिला निवडलं. मोठ्या बाई म्हणजे केंद्र चालवणाऱ्या. स्वतः जुन्या नर्स, बोलायला कडक आणि मनाच्या तशा मऊ. नर्सेसना फिरतीवर न्यायला लॅपटॉप घ्यायचे होते आणि तीन कंपन्यांनी एकेक थोड्या दिवसांच्या मुदतीने वापरून बघायला दिला होता. नाव वाचून आधीच मत बनू नये म्हणून मोठ्या बाईंनी तिन्हींच्या झाकणांवर काळी चिकटपट्टी मारली, आणि भर मीटिंगमध्ये सांगितलं, की हे तिन्ही हिच्याकडे द्या, हिच्या हातात जो टिकेल तो कुणाच्याही हातात टिकेल. सगळ्या खो खो हसल्या. ताई सगळ्यात मोठ्याने हसली.

पण त्याच दुपारी केबिनमध्ये वेगळंच बोलणं झालं. नव्याने येणाऱ्या मुलींना शिकवायला केंद्रातच, तळमजल्यावरच्या खोलीत, एक अनुभवी नर्स नेमायची होती. ताईचे गुडघे आताशा जिना नुसता दिसला तरी कुरकुरायला लागत. शिवाय तिला शिकवायची मनापासून हौस. घरी ती नवऱ्याच्या हातावर बँडेज बांधायचे सगळे प्रकार करून दाखवी आणि तो बिचारा उरलेल्या हाताने पेपर वाची. ते काम मला द्या, असं तिने मोठ्या बाईंना सांगितलं.

"तुझ्या हातात माया आहे, ते मला माहीत आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण मुली तुझं बघून शिकणार. त्यांनीही पाडापाडी सुरू केली तर मी केंद्राला टाळं लावू का? हे तिन्ही लॅपटॉप धड परत आण. मग बघू."

सकाळचं बोलणं आणि दुपारचं बोलणं यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. पण ताईला त्यातलं दुपारचं तेवढं ऐकू आलं. दुसऱ्या दिवसापासून तिने लॅपटॉप तान्ह्या बाळासारखे सांभाळायला सुरुवात केली. नेताना टॉवेल, ठेवताना खाली उशी. पेशंटच्या घरी चहा आला की ती आधी लॅपटॉप दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवी आणि मगच कपाला हात लावी. नवरा म्हणाला, आमच्या मुलांचं नशीब असं नव्हतं. ताईने त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं.

मुदत संपली तेव्हा तिन्ही लॅपटॉप मोठ्या बाईंच्या टेबलावर मांडून ती फुशारकीने उभी राहिली. एकावरही साधा चरा नव्हता. मोठ्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिले, टॉवेलाची हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावला. अगं, हे माझ्या कपाटातसुद्धा असेच राहिले असते, यातून मला काय कळणार, असं म्हणून त्यांनी आणखी काही दिवस दिले. या वेळी टॉवेल नाही, उशी नाही, नेहमीसारखी वागायचं. शिकवायच्या जागेचं काय, असं ताईने दारातून विचारलं. ती अट आहे तशीच आहे, असं उत्तर आलं.

मग ताईने खरी पारख सुरू केली, आणि तिला त्यात गंमत वाटायला लागली. चिकटपट्टीमुळे कंपन्यांची नावं कळत नव्हती, तेव्हा तिने स्वतःच बारशी केली. जाडजूड होता तो पहिलवान. त्याच्या कोपऱ्यांना रबर होतं, आपटला तर फरशीचीच काळजी करावी लागली असती. पण दुपारपर्यंत खांदा निखळून हातात यायचा. दुसरा फुलपाखरू. पिशवीत आहे की घरीच राहिला, हे चाचपून बघावं लागे इतका हलका. पण ताईचा एक हात बहुतेक वेळ पेशंटच्या मनगटावर असायचा, आणि एका हाताने झाकण उघडायला गेलं की फुलपाखरू सगळाच्या सगळा वर यायचा. तिसऱ्याचं वजन बेताचं, झाकण एका बोटाने उघडणारं, आणि पडदा असा स्वच्छ की तिने त्याला डोळस म्हणायला सुरुवात केली.

पडद्याचं खरं महत्त्व कळलं ते शिवणवाल्या आजींकडे. आजींनी जन्मभर कपडे शिवले होते आणि आता साखरेच्या आजारात पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. दर खेपेला जखमेचा फोटो काढायचा, मागच्या फोटोशेजारी ठेवून बघायचा आणि डॉक्टरांना पाठवायचा, अशी केंद्राची पद्धत. त्या दिवशी ताई तिन्ही लॅपटॉप घेऊन गेली. पलंगावर आजींचा पाय, पायाशेजारी ओळीने तीन पडदे, आणि तिन्हींवर त्याच अंगठ्याचा तोच फोटो. ती एकदा अंगठा बघे, एकदा पडदे. पहिलवानाच्या पडद्यावर जखम मळकट दिसत होती, उजेडात तर दिसतच नव्हती. फुलपाखरावर अंगठा गुलाबी, टवटवीत. डोळसवर मात्र हुबेहूब. नखाच्या कडेला आलेली बारीक काळपट रेघसुद्धा.

आजी मान तिरकी करून बघत होत्या. "मला तो मधला आवडला," त्या म्हणाल्या. "त्यात माझा अंगठा किती छान दिसतोय."

"म्हणूनच तो नको, आजी," ताई म्हणाली आणि तिने त्या काळपट रेघेबद्दल डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. औषध त्याच दिवशी बदललं.

घरी जाताना ती गुणगुणत होती. पारख झाली होती, तिन्ही लॅपटॉप धड होते आणि दुसऱ्या दिवशी ते परत करायचे होते. राहिलं होतं फक्त सुतारकाकांचं घर.

सुतारकाकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. वॉकर धरून आणि शेजारी कुणी असेल तरच चालायचं, असं त्यांना बजावलेलं होतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, त्यांचं कामाचं टेबल होतं. त्याच्यावर रंधा, पटाशी, अर्धवट राहिलेलं स्टूल. काका पलंगावरून दिवसभर तिकडे बघत. लेकीने दम भरला होता, की पुन्हा एकटे उठताना दिसलात तर ते टेबल खोलीतून हलवीन. ती वाईट नव्हती. एकदा पडलेला बाप तिने एकटीने उचलला होता आणि त्याची धास्ती तिच्या मनातून गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेक भाजी आणायला गेली होती. ताई खोलीच्या मध्यावर उभी राहून, डोळस डाव्या हातावर पेलून, उजव्या हाताने त्याच्यावर नोंदी करत होती. काका वॉकर धरून उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "सिस्टर, जरा इकडे बघा."

त्यांनी वॉकर सोडला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. चेहरा असा फुलला होता की ताईला ओरडायचंच सुचलं नाही. मग त्यांचा गुडघा दुमडला. ताईचे दोन्ही हात त्यांच्या काखेत कधी गेले ते तिलाही कळलं नाही. ती त्यांच्यासकट हळूहळू खाली बसली, काकांचं डोकं तिच्या खांद्यावर टेकलं, आणि मागे कुठेतरी धाडकन आवाज झाला.

काकांना कुठेही लागलं नव्हतं. ते फरशीवर बसून हसत होते. चाललो की नाही, चाललो की नाही, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, आणि ताईही हसून हो म्हणत राहिली. तिला खरंच फार आनंद झाला होता. मग दोघांची नजर डोळसकडे गेली. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तडे गेले होते आणि तो विझला होता.

"सिस्टर, लेकीला सांगू नका," काका हलक्या आवाजात म्हणाले. "टेबल हलवेल ती. आणि तुमच्या ऑफिसातही नको. तिथून तिला फोन जाईल."

ताईने शब्द दिला.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी फुटलेला पडदा बघितला आणि हे कसं झालं, असं विचारलं. ताई म्हणाली, हातातून सुटला. कसा सुटला? सुटला. मोठ्या बाईंनी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. मग त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, की शिकवायला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. घरी आल्यावर ताई भांडी घासता घासता रडली. नवरा म्हणाला, खरं काय ते सांगून टाक. तिने मान हलवली. काकांचं टेबल तिला स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा मोठं वाटत होतं.

सकाळी मोठ्या बाई तिच्याबरोबर फिरतीवर निघाल्या. उरलेले दोन लॅपटॉप प्रत्यक्ष वापरात कसे आहेत ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. काकांच्या घरी पोचेपर्यंत त्यांनाही धाप लागली होती. लेकीने पाणी आणून दिलं. बोलता बोलता मोठ्या बाईंनी सहज सांगितलं, की तुमच्या सिस्टरने काल तीनपैकी एक लॅपटॉप फोडला, आता ती केंद्रात बसून नव्या मुलींना शिकवणार होती ते राहिलं.

काकांनी ताईकडे बघितलं. ताई त्यांच्या खुब्यावरचं बँडेज तपासत होती आणि तिने मान वर केली नाही.

"तो मी फोडला," काका म्हणाले.

मग त्यांनी लेकीसमोर सगळं सांगितलं. वॉकर सोडल्याचं, पडता पडता वाचल्याचं, शब्द घेतल्याचं. "हिने काल ते डबडं धरून ठेवलं असतं," ते शेवटी मोठ्या बाईंना म्हणाले, "तर आज तुम्ही मला भेटायला दवाखान्यात आला असता."

लेकीच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच होता. आता टेबल जाणार म्हणून काका खाली बघत बसले. तिने विचारलं, किती पावलं? दोन, काका म्हणाले. ती म्हणाली, "मला दाखवा."

तेव्हा लेक पुढे, ताई मागे आणि मोठ्या बाई बाजूला, अशा हात पसरून उभ्या राहिल्या, आणि मध्ये काका चालले. या वेळी ते टेबलापर्यंत पोचले. त्यांनी दोन्ही तळवे लाकडावर ठेवले आणि लेक हुंदका देऊन हसायला लागली.

जिना उतरताना मोठ्या बाई एकेक जुनी गोष्ट विचारत होत्या. ते रक्तदाबाचं यंत्र कसं पडलं होतं? पेशंट पलंगावरून घसरत होती, ताई म्हणाली. आणि फोन? एका पोराला फीट आली होती. फुलदाणी? ताई जरा ओशाळली. ती मात्र माझ्याच कोपराने पडली, म्हणाली. मोठ्या बाई जिन्यातच मनापासून हसल्या. हे आधी का सांगितलं नाहीस, असं त्यांनी विचारलं, तर ताईला त्यात सांगण्यासारखं काय आहे हेच कळेना.

"बरं, घेऊ कोणता?" मोठ्या बाईंनी रस्त्यावर आल्यावर विचारलं. "पहिलवानच ना?"

"डोळस घ्या," ताई म्हणाली. "फुटला तर दुसरा आणता येतो. रंग चुकीचा दिसला तर आजींचा अंगठा जायचा."

मोठ्या बाईंनी डोळसच मागवले, प्रत्येकाला रबराचं जाड कव्हर घालून. आणि तळमजल्यावरच्या खोलीत नव्या मुलींची पहिली तुकडी बसली तेव्हा समोर ताई उभी होती, पायात नव्या चपला, आवाज थोडा चढलेला. पडदा पेशंटकडे कसा वळवायचा, जखमेशेजारी धरून रंग कसा ताडून बघायचा, हे तिने सगळं शिकवलं. मग तिने मुलींना आपापला कोरा लॅपटॉप हातात घेऊन भोवती उभं राहायला सांगितलं. मोठ्या बाई दारात येऊन कौतुकाने बघत होत्या.

ताई बोलता बोलता मध्येच थांबली, डोळे मिटले आणि बाजूला कलंडली.

मुली किंचाळल्या. कुणी लॅपटॉप पोटाशी धरला, कुणी तो ठेवायला टेबल शोधू लागली. एकीने मात्र, सकाळपासून जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता तिने, हातातलं सगळं सोडलं आणि ताईला काखेत धरून हळूच खाली बसवलं. मागे धाडकन आवाज झाला.

दारातल्या मोठ्या बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. ताईने त्या मुलीच्या मिठीत एक डोळा उघडला, तिच्या हातांवर आपला हात ठेवला आणि तिचं नाव विचारलं. लॅपटॉपचं काय झालं ते बघायला कुणीच वळलं नाही.