काडुमनेची दुसरी नोंद

त्या सोमवारी काचेच्या फळ्यावर त्रेसष्ट चिठ्ठ्या होत्या. 'करायचं' या रकान्यात एकोणीस, 'चालू'मध्ये सहा, 'झालं'मध्ये सव्वीस. उरलेल्या बारा उजवीकडच्या कोपऱ्यात, निळ्या शाईत लिहिलेल्या 'पार्किंग' या शब्दाखाली. बैठकीत एखादा मुद्दा निघावा, तो सगळ्यांना पटावा, पण आज त्याला वेळ नसावा, की त्याची चिठ्ठी तिथे लागायची. तिथली चिठ्ठी फाडायची नाही असा आमचा नियम होता. ती परत 'करायचं'मध्ये आलेली मी वर्षभरात दोनदा पाहिली होती.

जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात, एका दर्शिनीच्या, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलाच्या, वरच्या मजल्यावर आम्ही चौघं बसायचो आणि कोडगूतल्या कॉफी इस्टेटींसाठी हत्तींचं ॲप चालवायचो. इस्टेटींवर राखणदार नेमलेले असतात. हत्ती दिसला की राखणदार फोनवरून नोंद टाकायचा. ती क्लाउडवरच्या सर्व्हरवर पोचायची आणि त्या इस्टेटीतल्या प्रत्येक फोनवर कर्कश इशारा वाजायचा. असे सहाशे बारा फोन होते. त्यांतल्या अडतीस टक्के फोनांवर लोकांनी आमचा आवाज बंद करून टाकला होता.

"दोष त्यांचा नाही," सुमुख म्हणाला. काय बांधायचं, कधी बांधायचं, हे ठरवणारा तो. आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. "एक कळप आठ राखणदारांना दिसतो. आठ नोंदी, आठ इशारे. माणूस कंटाळणारच. पण मार्चअखेर हा आकडा वीसच्या खाली आला नाही तर ट्रस्ट पुढच्या वर्षाचे पैसे देणार नाही. मग सहाशे बारा फोनांना इशारे किती? शून्य."

उपाय सोपा होता. एका इस्टेटीतून नोंद आली की पुढचा अर्धा तास तिथून येणारी दुसरी नोंद नक्कल समजायची आणि वगळायची.

आता या कामाचा आकडा ठरवायचा होता. आमच्याकडे ते पत्त्यांवर चालतं. काम किती अवघड वाटतं त्याप्रमाणे प्रत्येकाने तेवढ्या आकड्याचा एक पत्ता पालथा ठेवायचा, सगळ्यांनी एकदम उलटायचा. ज्याचा आकडा सगळ्यात लहान आणि ज्याचा सगळ्यात मोठा, त्या दोघांनी कारण सांगायचं. वेळ तीन मिनिटं. त्यासाठी टेबलावर वाळूचं घड्याळ होतं.

पत्ते उलटले. श्रेयसचा दोन, सुमुखचा तीन, माझा तीन, दमयंतीचा तेरा.

"तेरा?" श्रेयस म्हणाला. कोड लिहायचं काम त्याचं. "दमू अक्का, चार ओळी लिहायच्यात. हत्तीला कीबोर्डवर बसवणारेस का?"

"तुझ्यापेक्षा लवकर लिहील तो. आणि मधे मधे सिगरेटला जाणार नाही."

"कारण सांग," म्हणत सुमुखने घड्याळ उलटं केलं.

दमयंती आमची टेस्टर. तिचे वडील मोनप्पा काडुमने इस्टेटीत रायटर होते. पहाटे मजुरांची हजेरी घ्यायची आणि त्यांना पुढे घालून न नेता आपण पुढे राहून मळ्यात न्यायचं, हे त्यांचं काम. बत्तीस वर्षं ते तेच करत होते. आमच्या ॲपला ते 'दमूची शिट्टी' म्हणायचे. काल शिट्टी अकरा वेळा वाजली, बायका म्हणतात रायटरची लेक सुनेपेक्षा जास्त बडबडते, असं ते फोनवर सांगायचे आणि ती ते आम्हाला सांगायची.

"कळपामागे एकांडा नर असतो," ती म्हणाली. "नेहमी नाही, पण असतो. तो कळपाबरोबर चालत नाही. कधी अर्धा किलोमीटर मागे, कधी दोन. कळपाला सगळे घाबरतात आणि कळप बहुतेक वेळा कुणाला काही करत नाही. मारतो तो हा. तुमच्या नियमात कळपाची नोंद आधी आली तर याची नोंद जाणार कुठे?"

सुमुखने माझ्याकडे पाहिलं. मी, चैत्रा, संख्याशास्त्र शिकलेली. आकडे काढायचं काम माझं. मी जुन्या नोंदी उघडल्या. "अर्ध्या तासाच्या आत आलेल्या दुसऱ्या नोंदी अकराशे चाळीस. त्यांतल्या एक हजार एकाहत्तर त्याच कळपाच्या. चौऱ्याण्णव टक्के."

"आणि उरलेल्या एकोणसत्तर?" दमू म्हणाली.

"वेगळे हत्ती."

"मग अंतर बघून वगळू," श्रेयस म्हणाला. "दोन नोंदी लांबच्या असल्या तर दोन्ही वाजवू."

"अंतर कुणाचं बघणार? नोंदीत जागा येते ती राखणदाराच्या फोनची. सगळे राखणदार रस्त्याच्या त्याच मोरीवर उभे असतात, कारण तिथे रेंज मिळते. हत्ती कुठे आहे ते त्यांना वेगळं विचारायला लागेल. म्हणजे नोंदीचा फोनवरचा सगळा पडदा बदला, राखणदारांना परत शिकवा. म्हणून तेरा."

दोन आठवड्यांच्या एका फेरीत आमच्याकडून एकवीस आकड्यांचं काम व्हायचं. त्यातले पंधरा आधीच ठरलेले होते. वाळू संपली होती.

"मुद्दा बरोबर आहे," सुमुख म्हणाला, आणि त्याला तसं खरंच वाटत होतं. "पण या फेरीत तेरा मावत नाहीत. आधी साधा नियम लावू. हे पार्किंगला."

दमूने पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं: 'कळप आणि एकांडा. दोन हत्ती, एकच इशारा?' कोपऱ्यात तेरावी चिठ्ठी लागली.

श्रेयसने नियम त्याच दिवशी लिहिला. तपासायचं काम दमूचंच होतं. चाचणीसाठी ती खोटे हत्ती सोडायची आणि त्यांना आमची नावं द्यायची. तिने सुमुख नावाचा हत्ती मोरीवर उभा केला, पाच मिनिटांनी श्रेयस नावाचा हत्ती त्याच्या शेजारी.

"मला हत्तीण का नाही केलंस?" मी विचारलं.

"तू आकडे विचारत बसशील, पिकाचं नुकसान कोण करणार?"

चाचणीचा प्रश्न एवढाच होता, दुसरी नोंद वगळली गेली का? गेली. दमूने हिरवी खूण केली. 'झालं'मध्ये सत्तावीस.

अडतीसचे पहिल्या आठवड्यात एकतीस झाले, तिसऱ्यात बावीस, पाचव्यात सोळा. त्या शुक्रवारी सुमुखने खालून मद्दूर वडे मागवले. मोनप्पांचा निरोप आला होता तो दमूने वडा खाता खाता सांगितला, "अप्पा म्हणतात, शिट्टी सुधारली. पूर्वी कुणी लक्ष द्यायचं नाही. आता वाजली की सगळ्या बायका जागच्या जागी थांबतात आणि विचारतात, रायटर, कुठे?"

"बघ," श्रेयस म्हणाला. "तेरा म्हणे."

ती हसली. पार्किंगकडे बघून म्हणाली, "ती चिठ्ठी अजून तिथेच आहे हो, सुमुखण्णा."

"पुढच्या फेरीत."

पुढच्या फेरीत ट्रस्टला दाखवायचा अहवाल आला. त्याच्या पुढच्या फेरीत फोनची नवी आवृत्ती आली आणि अर्धे इशारे अडकायला लागले, ते सोडवण्यात दोन आठवडे गेले.

रोज सकाळी साडेनऊला आम्ही फळ्यासमोर उभं राहून तीन गोष्टी सांगायचो. काल काय केलं, आज काय करणार, अडथळा कोणता. त्या बुधवारी आम्ही तिघंच होतो.

"दमू अक्का बनशंकरीला बसमध्ये असणार," श्रेयस म्हणाला. "तिचा अडथळा मीच सांगून टाकतो: तो म्हणजे मी."

तेवढ्यात तिघांचे फोन एकदम वाजले. गटावर तिचा निरोप होता. 'अप्पा गेले. हत्ती. मी गावी निघाले आहे. आजच्या राहिलेल्या चाचण्या चैत्राने कराव्यात, यादी फळ्यावर आहे.'

सुमुख तिला फोन लावत राहिला, तो लागत नव्हता. श्रेयस जागेवर जाऊन बसला आणि त्याने सर्व्हरवरच्या त्या सकाळच्या नोंदी उघडल्या. मी त्याच्या मागे उभी राहिले.

काडुमने, सहा वाजून दोन मिनिटं: वरच्या तळ्याजवळ कळप, सात हत्ती. इशारा पाठवला, एकेचाळीस फोन. काडुमने, सहा वाजून तेरा मिनिटं: कॉफीची फळं सोलायच्या जुन्या पल्परच्या हौदाजवळ एकटा नर, मोठे सुळे. नक्कल म्हणून वगळली.

श्रेयसने खुर्ची मागे घेतली. मग पुढे घेतली. नियमात अर्ध्या तासासाठी तीस हा आकडा होता. त्याने तो खोडून शून्य लिहिलं आणि सर्व्हरवर चढवलं. त्या कामाला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग तो हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

दमू वडिलांचं दिवसकार्य आटोपून परत आली त्या दिवशी सुमुखने आढाव्याची बैठक ठेवली होती. तिने नाही म्हटलं तर पुढे ढकलू, असं त्याने तिला आधीच कळवलं होतं. ती म्हणाली, ठेवा.

आमच्या कामात अशा आढाव्याची एक रीत आहे. कुणाचं नाव घ्यायचं नाही. बोट माणसाकडे गेलं की माणूस लपवतो, म्हणून काय घडलं तेवढंच लिहायचं. सुमुखने मसुदा पडद्यावर लावला आणि वाचायला सुरुवात केली. त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"पहिली नोंद मिळाली, इशारा गेला. दुसरी नोंद नियमानुसार वगळली गेली. एका वापरकर्त्याने पहिल्या इशाऱ्यावर विसंबून खालची वाट निवडली."

"थांबा," दमू म्हणाली. "वापरकर्ता कोण?"

"दमू, ही पद्धत आहे. कुणाचंच नाव..."

"नियम लिहिणाऱ्याचं नको, ठीक आहे. तपासून हिरवी खूण करणारीचंही नको. पण मेला तो माणूस होता ना? त्याने काय लपवायचं राहिलंय?"

सुमुखने कर्सर मागे नेला. 'एका वापरकर्त्याने' खोडून 'काडुमने इस्टेटीचे रायटर मोनप्पा यांनी' लिहिलं.

"आता पुढचं मी सांगते, तुम्ही लिहा," ती म्हणाली. "इशारा वाजला तेव्हा बावीस बायका हजेरीला उभ्या होत्या. सगळ्या थांबल्या. अप्पांनी वाचून दाखवलं, वरच्या तळ्यावर कळप. मग म्हणाले, खालून जाऊ, पल्परकडून. एकीने विचारलं, तिथे काही नसेल ना? ते म्हणाले, असतं तर शिट्टी वाजली असती." तिने पडद्याकडे बोट केलं. "हे लिहा. शब्दाला शब्द."

सुमुखने लिहिलं.

"ते पुढे चालत होते म्हणून बाकीच्या पळून वाचल्या," दमू म्हणाली. "बावीसच्या बावीस."

"नियम मी लिहिला," श्रेयस म्हणाला.

"नावं नकोत, श्रेयस."

"असू दे, सुमुखण्णा. लिहिला मीच."

"आणि पास केला मी," दमू त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुझ्या नावाचा हत्ती सोडून. पुढे चला."

सुमुख दोन्ही हात टेबलावर ठेवून बसला. "पुढचं अवघड आहे. नियम आता काढलाय. सगळ्या नोंदी वाजतायत. लोक पुन्हा आवाज बंद करणार. मार्चअखेर आकडा वीसच्या वर गेला तर सगळंच बंद. नियम परत लावला तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. "राखणदारांना शिकवण्यासकट तेराचं काम पुरं व्हायला ही फेरी आणि पुढची अर्धी. त्याआधी मार्च संपतो. दमू, तू सांगशील तसं करू."

"माझ्यावर कशाला टाकता?"

"टाकत नाही. विचारतोय."

ती उठून फळ्यापाशी गेली. पार्किंगमध्ये आता सतरा चिठ्ठ्या होत्या. पिवळी शोधायला तिला थोडा वेळ लागला, तिच्यावर दुसऱ्या दोन लागल्या होत्या. डिंक वाळला होता. तिने ती 'चालू'मध्ये लावली, ती खाली पडली, तिने उचलून चिकटपट्टीने लावली.

"नियम लावायचा नाही," ती म्हणाली. "लोक आवाज बंद करतील की नाही ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. चैत्रा, तू मोज. सगळ्या इस्टेटींचं मोज, आणि काडुमनेचं वेगळं मोज."

"काडुमनेचे फोन किती धरू, अक्का? अप्पांचा..."

"एकेचाळीसच धर. तो अम्माकडे चालू आहे."

फेरी संपली त्या शुक्रवारी तेराच्या कामातलं निम्मं झालं होतं. नोंदीचा नवा पडदा तयार होता, राखणदारांना शिकवायचं बाकी होतं. संध्याकाळी ट्रस्टला अहवाल जायचा होता. दमू शेजारी खुर्ची ओढून बसली आणि मी मोजणी चालवली.

एकूण फोन सहाशे बारा. आवाज बंद केलेले दोनशे चार, म्हणजे तेहतीस टक्के. काडुमने इस्टेटीत फोन एकेचाळीस, तीन आठवड्यांत वाजलेले इशारे एकशे अठरा, आवाज बंद केलेले फोन शून्य.