कासारआळीतलं शेवटचं घर

अच्युतचं पत्र येऊन एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि उत्तर न गेल्यामुळे व्हिएन्नातली त्याची गल्ली रोज एका घराने वाढत होती.

मोरेश्वर खांबेट्यांना हे कळलं ते सहलीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी. हॉटेलात मिळालेल्या नकाशात शहरातल्या सगळ्या गल्ल्या व्यवस्थित मावत होत्या. एका गल्लीला मात्र कागदाची वेगळी पट्टी चिकटवून तिच्या घड्या घातल्या होत्या. ती त्यांनी उलगडली तेव्हा पलंगावरून खाली उतरून ती दारापर्यंत गेली आणि दाराखालून बाहेर गेली.

"हो काका, ती वाढते," सहलीच्या प्रमुख प्राजक्ता कस्तुरे म्हणाल्या. "दर सोमवारी नवी पट्टी छापतात. आपल्या कार्यक्रमात नाहीये ती. आज राजवाडा आहे."

"माझा धाकटा भाऊ तिथे राहतो."

"मग जाऊन या की! पण चार वाजता गल्लीच्या तोंडाशी, बसपाशी. चार म्हणजे चार. काल त्या सोलापूरच्या वहिनींना चॉकलेटच्या दुकानातच ठेवून जाणार होते मी."

खांबेटे हसले. लोक हसण्यासारखं बोलले की ते हसत. चिपळूणला वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल होते, आणि एवढ्या काळात मोठ्याने बोलण्याची वेळ त्यांच्यावर दोनदाच आली होती. दोन्ही वेळा नंतर त्यांनी माफी मागितली होती.

पत्र चार ओळींचं होतं. दादा, मी घंटा ओतणाऱ्यांच्या गल्लीत राहतो, अकरा नंबर, म्हणजे आपली कासारआळीच समज. इथे सगळं ठीक आहे, पण मला परत यावंसं वाटतं. तू ये म्हटलंस तर येतो. नाही म्हटलंस तर इथेच वाट बघतो.

उत्तर एका शब्दाचं होतं. अडलं ते मायन्यापाशी. वडील गेले तेव्हा अच्युत आला नव्हता, दहाव्यालाही नाही, आणि आईने त्याच्या नावाने आंघोळ केली होती. जो मेला म्हणून आईने डोक्यावरून पाणी घेतलं, त्याला ती माजघरात बसलेली असताना चिरंजीव कसं लिहायचं? आणि चिरंजीव न लिहिता धाकट्या भावाला पत्र धाडलं, तर त्याने काय समजायचं? खांबेट्यांनी कागद पुढे ओढला, बाजूला सारला, पुन्हा ओढला. पुढे आईही गेली. तोवर इतका उशीर झाला होता की आधी उशिराबद्दल काहीतरी लिहायला हवं होतं, आणि मायन्याच्या आधी मजकूर लिहीत नाहीत.

गल्ली अकरा नंबरपर्यंत जुनी होती, दगडी. बाराव्या घरापासून पुढची घरं थोडी नवी दिसत. खांबेटे चालत राहिले. माणसं लांबट पाव कागदाशिवाय काखेत मारून जात होती. कुत्री शिस्तीत ट्रॅमची वाट बघत होती. भेटेल तो 'ग्र्यूस गॉट' म्हणत होता, गावाकडे रामराम म्हणतात तसं, न थांबता. एका कॉफीच्या दुकानात म्हातारे वेताच्या काठीला अडकवलेली वर्तमानपत्रं धरून बसले होते. कॉफीबरोबर पाण्याचा पेला येई, आणि पेला संपला की वेटर न बोलता दुसरा ठेवी. बसलेल्याला ऊठ म्हणायची रीत नव्हती. वाचनालयात साडेसात वाजता पंखे बंद करून वाचकांना उठवणारे खांबेटे काचेपाशी उभे राहून ते पाहत होते, आणि त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

शंभराव्या घरानंतर त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक घराच्या एका खिडकीत, चौकटीवर, एक उशी ठेवलेली आहे. उशीवर कोपरं टेकून कोणी ना कोणी रस्ता बघत होतं.

तीनशे बारा नंबरच्या खिडकीतली म्हातारी त्यांना बघून सरळ उभी राहिली.

"दादा का?" तिने विचारलं. ती जर्मनमध्ये बोलत होती आणि खांबेट्यांना समजत होतं; त्यात त्यांना काही वेगळं वाटलं नाही. "अहो, दादा आले! फ्रांत्स, गाडी थांबव, दादा आलेत!"

रस्त्यातली ट्रॅम थांबली. चालक टोपी काढून खाली उतरला. आजूबाजूच्या दारांतून माणसं बाहेर आली, हात पुसत, मुलांना पुढे ढकलत. खांबेट्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"तुम्हालाच म्हणतेय," म्हातारी म्हणाली. "मी फ्राऊ नोवाक. या, आत या. उन्हात काय उभे राहिलात?"

आत टेबल मांडलेलं होतं. कॉफी होती, पाणी होतं. ती समोर बसली आणि त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिली. बाकीचे दारात, जिन्यावर, खिडकीबाहेर दाटीने उभे होते.

"अच्युत इथे राहतो का?" खांबेट्यांनी विचारलं.

"राहिला होता. एक दिवस. आमच्या प्रत्येकाकडे एक दिवस राहिलाय तो. पोस्टमन शेवटच्या घरापासून वाटायला सुरुवात करतो ना, म्हणून अच्युत रोज सकाळी नव्या शेवटच्या घरात जातो. पत्र आलं तर आधी त्याला मिळायला हवं. ही उशी त्याचीच. दिवसभर खिडकीत होता."

"काही म्हणाला?"

"म्हणाला, दादाचं अक्षर मोत्यासारखं आहे. म्हणून वेळ लागतो."

खांबेट्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा ठेवला.

"मला त्याला भेटायचंय. शेवटचं घर किती लांब आहे?"

"ट्रॅमने अंधार पडतो पोचायला," फ्रांत्स चालक दारातून म्हणाला. "आणि परतीची गाडी उद्या. तुम्हाला चारची बस आहे ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुम्हाला कायम कुठलीतरी बस असते, असं अच्युत म्हणाला होता."

जिन्यावर कोणीतरी हसलं. फ्राऊ नोवाकने तिकडे डोळे वटारले.

"तो कसा आहे?" खांबेट्यांनी हळूच विचारलं.

फ्राऊ नोवाकने फ्रांत्सकडे पाहिलं.

"आता चालत नाही," फ्रांत्स म्हणाला. "रोज सकाळी उचलून नेतात पुढच्या घरात. चौघं जण."

"चौघं?"

"जड नाहीये तो. पण चौघंच लागतात."

खांबेट्यांनी कोटाच्या खिशातून राजवाड्याचं चित्र असलेलं पोस्टकार्ड काढलं. सकाळी हॉटेलात सगळ्यांनी घेतली तेव्हा त्यांनीही एक घेतलं होतं. पाठवायला कोणी नव्हतं. "आज टाकलं तर त्याला कधी मिळेल?"

"पेटी चारला उघडतात. उद्या सकाळी पहिलं टपाल शेवटच्या घरात." फ्राऊ नोवाकचा आवाज खाली आला. "पण दादा, तुम्ही लिहिणार आहात?"

"हो."

बाहेर एका बाईने कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

"उत्तर गेलं की आळी अकरा घरांची होणार," फ्राऊ नोवाक म्हणाली. ती रागावली नव्हती. बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. "अकराच्या पुढचं सगळं तुमच्यामुळे आहे. मी घराबरोबरच आले, ह्याच टेबलासकट. माझी मुलगी चार हजार नंबरच्या घरात दिली. नातू आठ हजार नंबरात झाला. चौकात तुमच्या नावाची पाटी आहे, बघितलीत? 'ज्यांनी लिहिलं नाही त्या दादांस.' दर रविवारी फुलं ठेवतो आम्ही."

खांबेट्यांनी मान खाली घातली. आपल्या हातून जगात काही उभं राहिलं, असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी स्वतःही म्हटलं नव्हतं. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांवर आकडे चिकटवले, लग्न पुढे ढकलत राहिले ते शेवटी झालंच नाही, आणि इकडे एक अख्खी आळी, दिवे लागणारी, पाव भाजणारी, न लिहिलेल्या एका शब्दावर वसली होती.

"मी वाईट माणूस नाही हो," ते म्हणाले.

"कोण म्हणतंय?" फ्राऊ नोवाक म्हणाली. "तुम्ही होतात तसेच राहा, एवढंच म्हणतोय. एक्केचाळीस वर्षं जमलं. आता वय झालं तुमचं, फार दिवस जमवावं लागणार नाही."

"आणि तो?"

"त्याला सवय झालीये," फ्रांत्स म्हणाला. मग टोपी हातात फिरवत राहिला. "म्हणजे, तक्रार करत नाही."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. खांबेट्यांनी पेन काढलं. कार्ड टेबलावर ठेवलं आणि वर्षानुवर्षं जिथे थांबत तिथेच थांबले. पत्ता लिहिला, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली. चिरंजीव? चौघं उचलून नेतात त्याला चिरंजीव लिहायचं, तर ती थट्टा होईल. न लिहावं, तर आईचं खरं केल्यासारखं होईल, आणि तेही आपल्या हाताने. त्यांनी वर पाहिलं. खिडकीतले सगळे त्यांच्याकडे आशेने बघत होते. दादा नेहमी इथेच थांबतात हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. कार्ड बाजूला सारलं जाण्याची ते वाट बघत होते.

एका मुलीने तर घाई करून टाळी वाजवली. तिच्या आईने तिचा हात धरला.

खांबेट्यांनी मायन्याची जागा तशीच सोडली आणि मध्यभागी लिहिलं: ये.

अक्षर वाईट आलं.

"पोस्टाचं तिकीट आहे का कोणाकडे?" त्यांनी विचारलं.

फ्रांत्सने पाकीट उघडलं, एक तिकीट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मागितलं तर द्यावं लागतं." तो कोणाकडे न बघता बाहेर गेला आणि ट्रॅमच्या पायरीवर बसून राहिला.

पिवळी पेटी समोरच्या भिंतीवर होती. गर्दी बाजूला झाली. कोणी त्यांना अडवलं नाही. एका म्हाताऱ्याने सवयीने टोपीला हात लावून 'ग्र्यूस गॉट' म्हटलं. खांबेट्यांनी कार्ड फटीत घातलं आणि दुसरं टोक चिमटीत धरून ठेवलं. तेव्हा त्यांना दिसलं की मायन्याबरोबर वरचं 'श्री'ही राहून गेलं होतं.

'श्री' नसलेलं कार्ड त्यांच्याकडे एकाच बातमीचं असतं, कोणी गेल्याच्या. ते घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचतात, तिथेच फाडतात आणि आंघोळीला जातात. अच्युतला हे ठाऊक होतं. तो पहिल्यांदा वरचा कोरा भाग बघणार, मग खालचा शब्द.

"दादा," फ्राऊ नोवाक मागून म्हणाली, "अजून तुमच्या हातात आहे."

लांब, आळीच्या सुरुवातीकडून, बसचा हॉर्न वाजला. एकदा, आणि मग पुन्हा, जरा रागाने.

पेन खिशात होतं. पेटी उघडायला काही मिनिटं बाकी होती. कार्ड बाहेर काढून वर एक अक्षर लिहायचं, इतकंच होतं. आणि ते बाहेर काढलं तर पुन्हा कधीही आत जाणार नाही, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

त्यांनी चिमूट सोडली.

आळी जिथे बारीक होत होत रेघ व्हायची, तिथे आभाळाचा एक ठिपका दिसू लागला. टोकाची घरं एकेक कमी होत होती आणि तो मोठा होत होता. त्यात चार माणसं होती, खांद्यांवर काहीतरी घेतलेली, आणि ती येत होती की जात होती, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.