चंद्रम्माच्या घरातली मांजरं

चंद्रम्मानं खिडक्यांना आतून पोती लावली आणि शेजारच्या नागूबाईच्या मनात पाल चुकचुकली. दोन घरांत एकच भिंत. पलीकडून दिवसभर खरखर ऐकू यायची, आणि वास असा की घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. भालकीजवळच्या त्या मेहकर गावात कुणी म्हणे, ती करणी करते. कुणी म्हणे, मांजरं धरून हैदराबादला विकते. बाई एकटी, अन् दूध घेते दोन लिटर. पितं कोण?

"अक्का, घरात काय कोंडलीस?" नागूबाईनं एकदा विचारलंच.

"माझं मी बघते. तू कामून वास काढायलीस?" चंद्रम्मानं कडी लावून घेतली.

पुढं नागूबाईच्या नातीच्या, अंजूच्या गळ्यावर नायटा उठला. हे त्या घरातूनच आलं म्हणत नागूबाईनं पंचायतीत अर्जच दिला. सोमवारी पंचायतीचा महांतेश भालकीच्या जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आला. मागं निम्मं गाव, दोघातिघांच्या हातात काठ्या.

चंद्रम्मानं दार उघडलं. चुलीपाशी, उतरंडीवर, बाजेखाली मांजरंच मांजरं. महांतेशनं मोजली, जिवंत एकावन्न. कुणाचे डोळे चिकटलेले, कुणाची हाडं वर आलेली. दोन मेलेली, लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली.

"पोत्यात भरा अन् रानात सोडा," काठी घेऊन आलेला शिवाप्पा म्हणाला.

"टाकलेलीच उचलून आणली मी," चंद्रम्मा हळूच म्हणाली. "हे काळं तुझ्या उकिरड्यावरलं, शिवाप्पा. ती तिघं नागूबाईची."

नागूबाईनं मान खाली घातली. तीन पिल्लं टोपलीत घालून चंद्रम्माच्या पायरीशी तिनंच ठेवली होती, पहाटे, कुणी बघत नाही असं बघून. आता कुणीच कुणाकडं बघेना.

डॉक्टरनं आजारी वीस दवाखान्यात न्यायला काढली. "सहा बाईंजवळ राहू द्या. बाकीची पंचवीस गावानं वाटून घ्या. औषध अन् पिल्लं थांबवायचं ऑपरेशन आमच्याकडं लागलं."

कुणी हलेना. शेवटी नागूबाई पुढं झाली आणि तिघांना पदरात घेतलं. मग शिवाप्पानं काळं उचललं. दिवस मावळेपर्यंत पंचवीसही घरोघरी गेली.

चंद्रम्माला मात्र गावाचा भरवसा वाटत नाही. रोज सकाळी ती दारोदार फिरते.

"दाखव," म्हणते.

नागूबाई एकेक मांजर उचलून दाखवते. चंद्रम्मा पोट चाचपते, पापणी वर करून डोळा बघते, आणि पुढच्या घरी जाते.